बाकावानच्या बायकांची यादी

सान फिदेल
सोमवार, दुपार

प्रिय लुडी,

तुझा निरोप पोचला. नानाय ओपिंगनी काल मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर मला गाठून तो ऐकवला, आणि तुझ्या आईला हळू बोलता येत नाही हे तुला मी काय सांगू! निम्म्या गावाने ऐकला असेल. “लुडी म्हणते, डेल्फिनला सांग, माझ्या मनात काही नाही. त्याला तरी काय दोष द्यायचा, तोही आपल्यासारखाच फसला. गुरुवारी दुपारच्या बोटीने येतेय, धक्क्यावर ये म्हणावं, बसून कॉफी पिऊ.” एवढं सांगून झाल्यावर त्यांनी माझ्या पाठीत सणसणीत धपाटा घातला आणि म्हणाल्या, “बघ, अजून माणसात घेतेय ती तुला. निदान दाढी तरी करून जा, मेल्या!” आजूबाजूच्या बायका खिदळल्या. मीही दात काढले. घरी आलो, बहिणीने मासे तळून ठेवले होते, ते तसेच झाकून ठेवले.

शुक्रवारी दहा वाजता नगरपालिकेत तुझ्या अर्जाची सुनावणी आहे. तुला बालवाडीतून काढलं ते बरोबर की चूक, बालवाडीतली तुझी मुलं तुला परत मिळायची की नाही, ते त्या दिवशी ठरेल. नगरपालिकेचं म्हणणं एकच आहे, की लोकांच्या मनात तुझ्याविषयी प्रामाणिक संशय होता आणि संशयातल्या बाईच्या हाती लेकरं कशी द्यायची. तुझ्या वकीलबाई मागच्या आठवड्यात माझ्याकडे येऊन गेल्या. ‘मला चुकीची माहिती पुरवण्यात आली, मी फसलो, यादी खोटी होती,’ एवढंच लिहिलेला एक कागद त्यांनी टेबलावर ठेवला. म्हणाल्या, “सही करा, तुम्ही मोकळे. यादी खोटी ठरली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं अवघड आहे, ते माझं मी बघते.” मी म्हटलं, वाचून देतो. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. तीन ओळी वाचायला या माणसाला किती दिवस लागतात, असं त्यांना वाटलं असणार.

हे फोनवर लिहून टाकलं असतं तर आत्ताच तुझ्या हातात पडलं असतं. पण फोनवर माझा हात फार भराभर चालतो, आणि त्याच घाईने काय केलं ते तू भोगते आहेस. म्हणून वही आणली. दोन पानं फाडून झाली. आता हे जसं येईल तसं जाऊ दे.

तू मला नेहमी विचारायचीस, तो ग्रुप काढायची नसती उठाठेव कुणी सांगितली होती? खरं सांगू, एकटेपणाने. आखातातल्या त्या हॉटेलच्या धुलाईखान्यात मी दिवसभर परक्यांच्या चादरी यंत्रात घालायचो आणि बाहेर काढायचो. कुणी नावाने हाक मारत नसे. नंबर होता. ‘आम्ही सान फिदेलकर’ काढला तेव्हा त्यात होतं काय? कुणाची म्हैस सुटली, कुणाचं लग्न ठरलं, जत्रेत कुणाच्या पोरीने बक्षीस मिळवलं. मी जेवणाच्या सुट्टीत बसून सगळ्यांना बरं-वाईट लिहायचो आणि मला वाटायचं, मी अजून गावातच आहे. मग माणसं वाढली. निवडणूक आली तोवर पंधरा हजार झाली होती. मी अ‍ॅडमिन! ज्या गावात शाळामास्तर मला ‘मागच्या बाकावरचा’ म्हणायचे, तिथे आता मास्तरच मला विचारायचे, “डेल्फिन, हे टाकू का रे?” माणसाचं डोकं फिरायला एवढं पुरतं. माझं तर पार फिरलं.

मेयरने बाकावानच्या किनाऱ्यावर भराव घालून बंदर करायचं काढलं तेव्हा ग्रुपचे दोन तुकडे पडले. भरावाच्या विरोधात कौन्सिलरबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या बाजूने कांदळवनाकाठची तुमची वस्ती, दुसऱ्या बाजूला बाजारपेठ. मी आपला तटस्थ. नाकाने कांदे सोलत बसायचो, की मी कुणाचाच नाही, मला फक्त खरं-खोटं बघायचंय. आणि नेमका हाच माझा कान धरून आर्तेमियो सर आत आले.

आर्तेमियो सर तुला आठवतील, तेच ते ग्रुपवरचे. बंदर-खात्यातून निवृत्त झालेले, मुलाकडे कॅनडात राहणारे, मूळचे आपल्या जुन्या चॅपलमागच्या आळीतले. बर्फात फावडं घेऊन उभे असलेले फोटो टाकायचे, नातीचा वाढदिवस टाकायचे, कधी आवाज चढवून बोलायचे नाहीत. माझे तातय गेले आणि बापाच्या मातीलाही मला रजा मिळाली नाही, तेव्हा सगळ्या गावात त्या एका माणसाने मला रोज सकाळी प्रार्थना लिहून पाठवली, नऊच्या नऊ दिवस. मी त्या यंत्रांच्या मागे उभा राहून ती वाचायचो आणि रडायचो. बापाच्या जागी मानलं मी त्यांना, लुडी. ते कधी असं म्हणाले नाहीत की अमक्याला मत दे. फक्त म्हणायचे, “बाळा, मी म्हातारा, मला वेळच वेळ आहे म्हणून बघत बसतो. पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस हं. तू स्वतः बघ.”

आणि मग त्यांनी मला काय बघायचं ते दाखवलं. रोज संध्याकाळी पाच चाळीसला, तुमच्याकडचे पाच चाळीस म्हणजे माझ्या जेवणाच्या सुट्टीत, वीस-बावीस खाती एकदम जागी व्हायची. सगळ्यांचं एकच वाक्य. शब्दाला शब्द. ‘भराव घालण्याआधी ओहोटीला इथे येऊन चिखलात उभे राहा, आमच्या ताटात काय येतं ते पायाला कळेल.’ दुसऱ्या दिवशी दुसरं वाक्य, पुन्हा सगळ्यांचं तेच. खाती बहुतेक नवी, कुणाचा फोटो सान अंतोनियोचा, कुणाचा गुलाबाचा, कुणाचा जन्म एकोणीसशे पाचचा. ओपिंग नावाची तर तीन. आणि पाच पंचावन्न झाले की सगळी एकदम गप्प, कामाची पाळी संपल्यासारखी. आर्तेमियो सरांनी पंधरा दिवसांच्या वेळा मांडलेला तक्ता पाठवला, रकान्यांसकट. खाली लिहिलं होतं, ‘ही भाडोत्री टोळी असावी अशी मला शंका आहे, पण मी चुकत असेन. तू ठरव.’ मी ठरवलं. मला वाटलं, सान फिदेलला लुटायला निघालेल्यांना मी, डेल्फिन, त्या धुलाईखान्यात बसून पकडलंय! त्या दुपारी मी जेवलोसुद्धा नाही, इतका खूश होतो.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ‘ही पाहा कौन्सिलरबाईंची भाडोत्री टोळी’ म्हणून यादी लागली. सगळ्यांना ग्रुपबाहेर काढलं, म्हणजे त्यांना उत्तर द्यायलाही जागा उरली नाही. तुझं नाव शेवटी होतं, पूर्ण, बालवाडीसकट, आणि पुढे ‘म्होरकी’ असं लिहिलेलं होतं. दोन दिवसांत यादी मतदानाच्या रांगेपर्यंत पोचली. कौन्सिलरबाई पडल्या. वस्तीच्या बायका बाजारात शिंपल्या घेऊन बसल्या तर लोक विचारायचे, “आज काय, लिहायला सुट्टी?” तुझ्या बालवाडीच्या दाराशी आया घोळका करून उभ्या राहिल्या आणि आपापली पोरं हाताला धरून घेऊन गेल्या. त्यातली एक तर तुझीच मैत्रीण होती. महिन्याभरात तुला पत्र मिळालं. पावसाळ्याआधी ट्रक आले, कांदळवन तोडलं, वस्ती टेकडीवर नेऊन टाकली, जिथे होडी ठेवायला जागा नाही आणि पाणी टँकरने येतं. तू सेबूला आंबे सुकवायच्या कारखान्यात गेलीस. सोळा वर्षं मुलांच्या हाताला धरून अक्षरं गिरवून घेणारी तू आता दिवसभर हातमोजे घालून फोडी लावतेस, असं मला नानायकडून कळलं.

मी जानेवारीत परत आलो. कंत्राट संपलं म्हणून आलो, शहाणपण सुचलं म्हणून नव्हे. आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी टेकडीवर नव्या वस्तीत गेलो. खरं सांगतो, उपकार करायला गेलो होतो. गरिबांना कुणी वापरून घेतलं ते समजावून सांगावं, असा माझा थाट. संध्याकाळ झाली होती. नानाय ओपिंगच्या पत्र्याच्या दुकानासमोर बाकं टाकून सगळ्या बायका बसल्या होत्या. मारियेची मूर्ती त्या दिवशी त्यांच्या घरी मुक्कामाला होती, त्यामुळे रोझरी तिथेच. मी टोपी काढून मागे उभा राहिलो. एक म्हणायची, सगळ्या उत्तर द्यायच्या, एका सुरात, तुझ्या आईचा आवाज सगळ्यांच्या वर. पाच चाळीसला रोझरी संपली, भाताच्या वड्या वाटल्या, आणि सगळ्यांची ताई असलेल्या मानांग सालिंगने उठून दुकानाच्या भिंतीवरच्या वायफायच्या डब्यात नाणं टाकलं.

पंधरा मिनिटं, लुडी. एका नाण्याला पंधरा मिनिटं. मी तिथे उभ्या उभ्या घड्याळ बघत होतो. चार फोन होते सगळ्यांत मिळून, त्यातल्या एकाची काच तडकलेली. एकीचं झालं की दुसरीकडे. कुणी मुलीला हाँगकाँगला निरोप धाडते, कुणी नातवाचा फोटो बघते, आणि मग मानांग सालिंग म्हणाली, “चला गं, आता नगरपालिकेच्या पानावर टँकरचं टाकायचं. म्हणा.” आणि तिने एक वाक्य मोठ्याने वाचलं, पाणी दोन दिवसाआड येतं त्याबद्दलचं, आणि सगळ्यांनी ते प्रार्थनेसारखं म्हटलं आणि जसंच्या तसं लिहिलं. शब्दाला शब्द. मी विचारलं, “मानांग, सगळ्या एकच का लिहिता? आपलं आपलं वेगळं लिहावं की.” नानाय माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी काही मी चर्चमध्ये शिट्टी वाजवली. म्हणाल्या, “वेगळं? उद्या रोझरीतही वेगवेगळं म्हणायला सांगशील! एकेकीने आपापलं म्हटलं तर तो कालवा झाला. सगळ्यांनी एकच म्हटलं की पोचतं. आधी लुडी लिहून द्यायची, चांगलं लिहायची. आता सालिंग लिहिते, तिला काही जमत नाही.” आणि पाच पंचावन्नला डब्याचा दिवा विझला, सगळ्यांनी फोन कनवटीला लावले आणि चूल पेटवायला उठल्या.

मी विचारलं, तीन ओपिंग कोण? नानाय म्हणाल्या, “तिन्ही मीच. एकीचा पासवर्ड विसरले, एकीचा फोन होडीतून पाण्यात पडला. का, तिघींची काही नोंद-बिंद करायचीय का?” सगळ्या खो-खो हसल्या.

टेकडी उतरून मी तडक जुन्या चॅपलमागच्या आळीत गेलो. आर्तेमियो सरांचं घर कुठलं म्हणून दारोदार विचारलं. सगळ्यांना सर माहीत. “अरे ते कॅनडावाले ना? भला माणूस!” कुठे राहायचे? तर शेजारी दाखवतो पुढच्या घराकडे, पुढचा दाखवतो त्याच्या पुढच्या. बाप्तिस्म्याची वही काढायला लावली, पाद्रीबाबा वैतागले, पण शोधलं. त्या नावाचा माणूस त्या आळीत कधी जन्मला नाही. सरांचं खातं भरावाला मंजुरी मिळाली त्या आठवड्यातच बंद झालं होतं, आणि त्यांच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावणारी आणखी दहा-बारा भली माणसंही त्याच आठवड्यात गेली. त्यांतल्या कुणी कधी एकसारखं वाक्य लिहिलं नाही. प्रत्येकाला नात होती, गुडघेदुखी होती, स्वतःचं मत होतं. कुणी बसवलं होतं त्यांना, त्यामागे खरंच कुणी होतं का, की हाही माझा संशयच, मला माहीत नाही. पुरावा काही नाही. एकदा संशयावर यादी काढून बसलो, आता कानाला खडा. पण एवढं कळलं, की ज्या नऊ प्रार्थनांवर मी रडलो त्या कुणीतरी कामावर बसून लिहिल्या असतील. त्याचा राग येत नाही, नुसती लाज वाटते.

मी ग्रुपवर माफी टाकली. तुझ्या कानावर आलंच असेल. तीन तासांत उत्तरं आली. “किती मिळाले रे डेल्फिन?” “गावात आला आणि विकला गेला!” बाकीच्या अ‍ॅडमिन मंडळींनी संध्याकाळच्या आत मला माझ्याच ग्रुपमधून हाकललं. म्हणजे आता मलाही उत्तर द्यायला जागा नाही, तुमच्यासारखीच. हे ऐकून तू हसावंस अशी माझी फार इच्छा आहे. मग मी घरोघर गेलो. यादीतल्या एकेकीच्या दारात उभा राहून सांगितलं, माझं चुकलं. तुला वाटेल त्यांनी मला झाडूने मारलं असेल. तसं केलं असतं तर बरं होतं. मानांग सालिंगने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या कामाचे पैसे मिळतात म्हणे. मग माझे कुणी खाल्ले?” दुसरीने बसायला पाट दिला आणि वाळवलेले मासे बांधून दिले. एक म्हणाली, “तू लांब होतास बाबा, तुला काय दिसणार.” सगळ्यांनी मला हेच सोपं करून दिलं. लांब होतो, दिसलं नाही, फसलो. वकीलबाईंच्या कागदावरही तेच, तुझ्या निरोपातही तेच. अख्खं गाव मला हात धरून त्या एका वाक्यावर नेऊन बसवतंय, आणि लुडी, मला तिथे बसता येत नाहीये.

आपल्या दोघांचं मी आजवर कुणाशी बोललो नाही. तीन वर्षांपूर्वी मी तुला लिहिलं होतं, इकडे ये, हॉटेलात काम लावून देतो, लग्न करू. तू लिहिलंस, बालवाडी सोडून आणि नानायला सोडून मला कुठे जायचं नाही, तूच ये. त्यावर मी तुला उत्तर दिलं नाही. इथे सगळ्यांना वाटतं ते आपोआप विरलं. आपोआप काही विरलं नव्हतं. मी रुसून बसलो होतो, चाळिशीला आलेला घोडा, आणि रोज दुपारी तू ग्रुपवर काय लिहितेस ते न चुकता वाचत होतो. त्या एप्रिलमध्ये भरावाविषयी मी एक लांबलचक भाषण ठोकलं होतं, दोन्ही बाजूंनी शांतपणे विचार करा वगैरे. त्याखाली तू लिहिलंस, “सहा वर्षं गावाला पाय लागला नाही तुझा, डेल्फिन. आज ओहोटी किती वाजता आहे ते तरी सांग, मग शांतपणे विचार करायला शिकव.” शेकडो लोक हसले त्यावर. माझे शाळासोबती हसले. मास्तर हसले. मीही एक हसरा चेहरा टाकला, सगळ्यांना दिसावा म्हणून. तो खोटा होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली होती, कारण ओहोटी किती वाजता आहे ते मला खरंच माहीत नव्हतं.

आर्तेमियो सरांचा तक्ता त्याच आठवड्यात आला. तो मी काल पुन्हा उघडून पाहिला, पाहायची गरज नव्हती तरी. त्यात तुझं नाव नाही. कसं असेल? तुझं खातं जुनं, तुझा स्वतःचा चेहरा, तू कधी पाच चाळीसला लिहिलं नाहीस, कधी दुसऱ्याचं वाक्य लिहिलं नाहीस. तुझं नाव मी घातलं. ‘म्होरकी’ हा शब्द मी लिहिला, त्याच दुपारी, चादरींच्या ढिगावर बसून, कारण ती वाक्यं पहिल्यांदा वाचली तेव्हाच मी ओळखलं होतं की ही तुझी आहेत. चिखलात उभं राहा, पायाला कळेल, असं सान फिदेलमध्ये दुसरं कोण लिहिणार? आणि तू त्या बायकांना लिहून देते आहेस म्हणजे त्या सगळ्या तुझ्या शेजारणी आहेत, खऱ्या आहेत, हेही मला त्याच क्षणी कळलं. कळलं आणि मी ते बाजूला सारलं, आणि बटण दाबलं. आज सकाळी मी नगरपालिकेच्या कारकुनापुढे हे सगळं लिहून सही करून दिलं. वकीलबाई म्हणाल्या, याने तुमच्यावरच बदनामीचा खटला उभा राहील, पण लुडिविनाचं उरलेलं निम्मं काम झालं, कारण तिच्याबद्दल कुणाचाही प्रामाणिक संशय नव्हता हे आता कागदावर आलं. तू बालवाडीत परत जाशील असं त्यांना वाटतं. गुरुवारी मी धक्क्यावर येणार नाही, तू पाठवलेल्या निरोपावर माझा हक्क नाही, तो फसलेल्या माणसासाठी होता. शुक्रवारी हा जबाब सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतील. मी तुझं नाव जाणूनबुजून लिहिलं होतं, हे तुला कारकुनाच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

तुझाच, पण तू ठेवलंस तर,
डेल्फिन